रायफल सगळ्यात शेवटी: नेमबाजीच्या किटमध्ये पैसे कुठे लावावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नववीत आहे. सहा महिने ती कोल्हापुरात क्लबच्या रायफलवर १० मीटर एअर रायफलचा सराव करते. घरच्यांनी दीड लाख रुपये बाजूला काढलेत. त्यात भर घालून थेट परदेशी रायफल घ्यावी, की आधी दुसरं काही? तिच्या पंचेचाळिशीतल्या काकांनाही एअर पिस्तूल सुरू करायचंय. आणि एकूणच नेमबाजी-शिकारीच्या सामानात कोणत्या खरेदीचं समाधान टिकतं, हेही विचारलंय.

रायफल आत्ता घेऊ नका. जे सामान अंगाला बसवून घ्यावं लागतं आणि जे सामान चूक रायफलची की आपली हे कळू देतं, त्यात घातलेला पैसा सर्वांत आधी गुणांत दिसतो. क्लबची मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, जुनी असली तरी ती बहुधा सहा महिन्यांच्या नेमबाजापेक्षा अचूकच असते. या प्रकारात दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो आणि पुढची प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटर रुंद. ही रुंदी नवशिक्याच्या हातात रायफलच्या दोषाने जात नाही, उभं राहण्यातल्या डोलण्याने जाते.

म्हणून पहिली खरेदी बुटांची. सपाट, कडक तळव्याचे, घोट्याच्या वर जाणारे रायफल शूज. माणूस उभा असताना पुढे-मागे सतत डोलत असतो आणि तो डोल घोट्यापासून सुरू होतो. साध्या स्पोर्ट शूजचा फोमचा तळवा तो वाढवतो, रुंद सपाट तळवा आवरतो. सरावात जे मोजे वापरणार तेच घालून माप द्या. अंगठ्यापुढे फार तर अर्धा सेंटिमीटर जागा ठेवा, टाच मात्र अजिबात उचलली जाता कामा नये. लेस दोन्ही बुटांना सारख्या ताणाने बांधायची. एक पाय आवळलेला आणि एक सैल असेल तर वजन नकळत एका बाजूला जातं आणि गट, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका, आडवा पसरतो. या बुटांनी रेंजबाहेर फिरू नका, जिने चढू-उतरू नका. तळवा वाकून मऊ पडला की बूट कामातून गेले. उलट फार कडक तळवाही चालत नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या (आयएसएसएफ) नियमानुसार ठरावीक जोर दिल्यावर तळवा किमान २२.५ अंश वाकलाच पाहिजे, आणि त्याची जाडी १० मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

दुसरी खरेदी ट्राउझर आणि जॅकेट. इथे वाढत्या वयाच्या मुलांचे पालक हमखास चुकतात: चौदाव्या वर्षी मापाचा चामड्याचा महागडा सेट शिवून घेतात आणि दीड वर्षात खांदे बसेनासे होतात. उंची वाढत असेपर्यंत कॅनव्हासचं जॅकेट घ्या, किंवा रेंजवरच्या मोठ्या मुलीचं वापरलेलं पण अजून ताठ असलेलं. वापरलेलं घेताना कमरेच्या मागचा भाग आणि डाव्या कोपराखालची घडी दाबून बघा. तिथे कापड रुमालासारखं लुळं झालं असेल तर स्वस्तात मिळूनही उपयोग नाही. माप पातळ टी-शर्टवर घ्यायचं, स्वेटरवर नाही. शिवणाऱ्याला छाती, कंबर, नितंबाचा घेर, बाहीची लांबी, पाठीची लांबी आणि मुलगी उजव्या हाताने मारते की डाव्या, एवढं सगळं लेखी द्या. जॅकेटची खालची कड हात सरळ सोडून मूठ वळल्यावर मुठीच्या खाली जाऊ नये. जाडीची मर्यादा एका थराला २.५ मिलिमीटर आणि दुहेरी थराला ५ मिलिमीटर आहे. नियमावली दर काही वर्षांनी बदलते, म्हणून ऑर्डर देण्याच्या आठवड्यातच चालू आवृत्ती बघा आणि शिवणाऱ्याकडून तसं बिलावर लिहून घ्या. नाहीतर राज्य स्पर्धेच्या तपासणी टेबलावर जॅकेट अडतं आणि मुलीला साध्या टी-शर्टवर उभं राहावं लागतं.

जॅकेटची बटणं मापाला लावून घेण्याचे कष्ट फार कमी जण घेतात. बटणं मोचीकडून अर्धा-एक सेंटिमीटर सरकवून घेता येतात. कोल्हापुरात चामड्यावर सफाईने काम करणारे हात गल्लोगल्ली आहेत, त्याचा फायदा घ्या. जॅकेट घालून, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवून, रायफल धरून उभं करा. श्वास पूर्ण सोडल्यावर पोटावर बटण ताणलेलं दिसता कामा नये. घट्ट जॅकेट आधार देतं असं वाटतं, पण सामना ७५ मिनिटांत ६० फैरींचा असतो. चाळिसाव्या फैरीपर्यंत श्वास वर चढतो, नाडी जॅकेटमधून रायफलवर उतरते आणि फ्रंट रिंग, म्हणजे नळीच्या टोकावरच्या साइटमधली नेमाची गोल कडी, ठोक्यागणिक उडू लागते.

हातमोजा आणि आतला पातळ कपडा साधाच घ्या. हातमोज्यावर जास्त पैसे घालायचं कारण नाही.

आता जे घेऊ नये ते. १० मीटरच्या उभ्या स्थितीत स्लिंग, म्हणजे रायफल हाताला बांधणारा पट्टा, चालत नाही. गुडघ्यावर बसताना घोट्याखाली ठेवायचा रोल तर लागतच नाही. तरीही या दोन वस्तू नवख्या किटमध्ये आढळतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं, आणि त्याचे झोपून व गुडघ्यावर बसून मारतानाचे फोटो घरोघरी पोचले. तेजस्विनी सावंतचं २०१० चं म्युनिकचं जागतिक विजेतेपदही ५० मीटर प्रोनचंच, म्हणजे झोपून मारण्याचंच. ते प्रकार पॉइंट टू-टू बोअरचे आहेत, त्यांना शस्त्रपरवाना लागतो आणि त्यांचं किट वेगळं. मुलगी तिथवर पोचेल तेव्हा ते घ्या.

सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त समाधान देणाऱ्या तीन-चार गोष्टी आहेत. पहिली ब्लाइंडर, म्हणजे न नेम धरणाऱ्या डोळ्यापुढची पट्टी. डावा डोळा मिटून नेम धरला की चेहऱ्याचे स्नायू ताणतात आणि काही मिनिटांत उजवा डोळाही थकतो. काळी पट्टी लावली तर झाकलेल्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि दुसरीही तिच्याबरोबर मोठी होऊ पाहते. म्हणून पट्टी दुधट, उजेड आत येऊ देणारी हवी. प्लास्टिकच्या पांढुरक्या डब्याच्या झाकणातून कापलेली चालते. रायफलच्या रिअर साइटवर (डोळ्याजवळच्या छिद्राच्या साइटवर) लावताना उंची ३० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि छिद्राच्या मध्यापासून बाजूला १०० मिलिमीटरच्या पुढे जायला नको.

दुसरी गोष्ट सेफ्टी फ्लॅग. भडक रंगाची दोरी, एअर रायफल-पिस्तुलात पूर्ण नळीतून आरपार जाईल एवढी लांब. शेती अवजारांच्या दुकानात ग्रास कटरची सुमारे ३ मिलिमीटरची नारिंगी नायलॉन दोरी मीटरवर मिळते, तीच कापून घ्या. नळीत फसत नाही ना, एवढं आधी तपासा.

तिसरी, सहा इंची स्टीलची पट्टी आणि वही. क्लबची रायफल दिवसात चार जण वापरतात, प्रत्येक जण बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीक पीस (गालाला टेकणारा भाग) हलवतो. बट प्लेटची लांबी, तिची उंची, चीक पीसची उंची, रिअर साइट रुळावर कुठे आहे, हे चार आकडे मिलिमीटरमध्ये लिहून ठेवले की पाच मिनिटांत रायफल पुन्हा आपल्या मापाची होते. हे न करता सराव केला तर मुलगी रोज वेगळ्या रायफलवर शिकत असते. आणि जोडीला मेट्रिक अ‍ॅलन कीचा चांगला संच. साइटचे स्क्रू दर सरावाआधी हाताने चाचपायचे. दोन साइट्समधलं अंतर साधारण ८० सेंटिमीटर धरलं, तर रिअर साइट ०.२ मिलिमीटर जरी सरकली तरी १० मीटरवर मार अडीच मिलिमीटर सरकतो, म्हणजे पुरा एक गुण. “आज काय झालं कळत नाही” अशा कित्येक दिवसांचं कारण हा एक सैल स्क्रू असतो.

फ्रंट रिंगचा संचही याच यादीत. नवशिक्याला ३.८ ते ४.२ मिलिमीटरची रिंग द्या. काळ्या वर्तुळाभोवती पांढरी कडा ठळक दिसली पाहिजे. लहान रिंग घेतली की हलणं जास्त जाणवतं, मुलगी परिपूर्ण क्षणाची वाट बघत रायफल धरून ठेवते, आणि आठ-दहा सेकंदांनंतर डोळ्याला जुनंच चित्र दिसत राहतं. फैर सुटते ती त्यानंतर.

छऱ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे पैसे वायाही जातात आणि सोनंही होतं. छरा ४.५ मिलिमीटरचा, सपाट तोंडाचा. रायफलला साधारण ०.५३ ग्रॅमचा, पिस्तुलाला ०.४५ ते ०.४९ ग्रॅमचा वापरतात. आरडब्ल्यूएसचा आर-१० किंवा एच अँड एनचा फिनाले मॅच ही ओळखीची नावं, ५०० छऱ्यांचा डबा. पण नावापेक्षा डब्यावरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या छऱ्यांचा नंबर, महत्त्वाचा. त्याच कंपनीचे दोन लॉट एकाच नळीत वेगळे वागतात. तोंडाचा व्यास ४.४९, ४.५० असा छापलेला असतो, पण कोणता बसतो ते नळीच सांगते. चाचणीची रीत अशी: रायफल मजबूत शिकंज्यात रबराच्या पट्ट्या लावून पकडायची, वाऱ्याच्या झुळकेपासून दूर, आणि प्रत्येक लॉटचे दहा-दहा छरे एका कागदावर, असे तीन कागद. दहा छऱ्यांचं मिळून बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत सात मिलिमीटरच्या आत एकच भोक पडलं तर तो लॉट घ्या आणि वर्षभराचा एकदम घ्या. हातात धरून ही चाचणी होत नाही, तिथे माणसाचा डोल मोजला जातो. आणि रोजच्या सरावाला हे महाग छरे नकोत. पहिली दोन वर्षं मधल्या दर्जाचा एकच लॉट भरपूर घ्या, निवडलेला लॉट स्पर्धेसाठी ठेवा. डबा पडला की छऱ्यांचे स्कर्ट, म्हणजे मागच्या पातळ कडा, वाकतात. असा डबा ड्राय-फायरनंतरच्या (छरा न घालता ट्रिगर ओढण्यानंतरच्या) सैल सरावाला वापरायचा, गुण लिहिण्याच्या दिवशी नाही. छरे शिशाचे असतात, त्यामुळे सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ देऊ नका.

रायफलचा तोल साधायची वजनं आणि रायफल टेकवायचा स्टँड यांच्यासाठी बाहेरगावी ऑर्डर देण्याची गरज नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर हे काम सहज होतं. २५ मिलिमीटर व्यासाचा, २६ मिलिमीटर लांबीचा स्टीलचा गोल तुकडा १०० ग्रॅम भरतो, पितळेचा असेल तर २४ मिलिमीटर पुरतो. आट्यांचं माप तोंडी सांगू नका, मूळ स्क्रू बरोबर न्या आणि त्यावर बसवून बघा. रायफलचं एकूण वजन साइट्ससकट साडेपाच किलोच्या वर जाता कामा नये. स्टँडला तीन पाय, उंची सरकणारी, वर नमद्याची किंवा चामड्याची गादी. उंची अशी ठेवा की छरा भरताना बट प्लेट खांद्यापासून फारशी खाली येणार नाही. पाच किलोचं वजन साठ वेळा टेबलावरून उचलणं आणि कमरेच्या उंचीवरून उचलणं, यातला फरक शेवटच्या दहा फैरींत कळतो.

घरच्या सरावाला छरे अडवणारी पेटी करायची असेल तर ३ मिलिमीटरची माइल्ड स्टीलची पत्रा-प्लेट ४५ अंशांत खाली झुकवून डब्यात बसवा, छरा खाली वळून तळाशी साचतो. उभी प्लेट लावली तर शिशाचे कण मागे उडतात. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर हवा. सलग १० मीटर जागा नसेल तर ५ मीटरवर ड्राय-फायर करा. मूळ काळं वर्तुळ ३०.५ मिलिमीटरचं आहे, कागदावर १५.२५ मिलिमीटरचं छापलं की डोळ्याला तेवढंच दिसतं.

आता रायफल घ्यायची वेळ आली तर. उंची थांबत आलीय, वहीतले मापाचे आकडे महिनोन्‌महिने तेच आहेत, आणि क्लबच्या रायफलवर फैरीमागे सरासरी ९.८-९.९ च्या पुढे टिकून आहे, तेव्हा. नवी परदेशी मॅच रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. फाइनवेर्कबाऊ, वॉल्थर, आन्शुट्झ, स्टायर यांतली कोणतीही चालेल. रेंजवर ज्या कंपनीच्या रायफली जास्त, तीच घ्या, कारण ओ-रिंग (रबरी कडी), हवा भरायचा फिल अ‍ॅडॉप्टर आणि दुरुस्तीची माहिती तिथेच मिळते. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० जूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही, आणि मॅच रायफल साधारण ८ जूलची असते. तरी मूळ बिल आणि आयातीची कागदपत्रं रायफलइतकीच जपा. प्रवासात आणि पुढे विकताना तीच विचारली जातात.

जुनी घेताना सर्वांत आधी रायफलच्या दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. मुदत साधारण दहा वर्षांची असते आणि मुदत संपलेल्या सिलिंडरची जबाबदारी खेळाडूवर येते. तो बदलायचा खर्च किमतीतून वजा करूनच सौदा करा. संध्याकाळी पूर्ण भरून गेज लिहून ठेवा, सकाळी पुन्हा बघा, काटा उतरला असेल तर गळती आहे. क्रोनोग्राफवर (वेग मोजणाऱ्या यंत्रावर) दहा फैरींचा वेग १७० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास आणि एकमेकांच्या ३ मीटर प्रति सेकंदाच्या आत असावा. उजव्या-डाव्या हाताची रचना तपासा, घाईत हेही विसरलं जातं.

हवा भरण्याबाबत एक इशारा ठणकावून द्यायला हवा. आपल्याकडे शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींमुळे वायूचे सिलिंडर सहज मिळतात. त्यातला ऑक्सिजन रायफलच्या सिलिंडरमध्ये कधीही, कोणत्याही अडचणीत भरायचा नाही. उच्च दाबाचा ऑक्सिजन आणि तेलाचा थेंब एकत्र आला की स्फोट होतो. फक्त कोरडी, श्वसनाच्या दर्जाची हवा. भरताना व्हॉल्व्ह हळू उघडायचा, २०० बारच्या सिलिंडरमध्ये २०० च्या वर जायचं नाही, आणि जोडावर तेल-ग्रीस लावायचं नाही. ओ-रिंगला लागलंच तर सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला जाणवेल न जाणवेल एवढं. दाब ७० बारच्या खाली गेला की छरे खाली उतरू लागतात. मुलगी तेव्हा साइट फिरवते आणि पुढच्या भरणीनंतर सगळा गट वर जातो.

काकांसाठी पिस्तुलाचं गणित वेगळं आहे. तिथे समाधानाची खरेदी म्हणजे ग्रिप आणि चष्मा. ग्रिप तळहाताच्या मापाची घ्या, मग एम-सीलने पोकळ्या भरून, कानसून, सँडपेपरने घासून स्वतःच्या हाताची करा. परीक्षा सोपी आहे: डोळे मिटून पिस्तूल उचला, नेमाच्या उंचीवर आणा, डोळे उघडा. फ्रंट साइट मागच्या साइटच्या खाचेत मधोमध दिसली पाहिजे. सारखी डावीकडे दिसली तर तळहाताच्या फुगवट्याला कमी-जास्त करा, मनगट वळवून दुरुस्त करू नका. ग्रिपने मनगटाला आधार देता कामा नये, पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे आणि वजन दीड किलोच्या आत हवं. ट्रिगर ओढायला लागणारा जोर किमान ५०० ग्रॅमचा. तो ५१०-५२० वर ठेवा, नेमका ५०० वर ठेवलेला ट्रिगर तपासणीत घसरतो. सोनाराच्या काट्यावर तोलून घेतलेलं ५०० ग्रॅमचं आकडीवालं वजन घरात असू द्या.

पंचेचाळिशीत फ्रंट साइट धूसर दिसू लागते. नेहमीचा प्रोग्रेसिव्ह चष्मा इथे कुचकामी, कारण मान वळवली की नजर भलत्याच पट्ट्यातून जाते. दृष्टितज्ज्ञाला दूरच्या नंबरात साधारण +०.५० ते +०.७५ मिळवून एकच लेन्स द्यायला सांगा. चाचणीला पिस्तुलाऐवजी हाताच्या अंतरावर काळ्या कडेचा कागद धरा. ती कड स्वच्छ आणि दूरचं लक्ष्य किंचित धूसर दिसायला हवं. लेन्स नेमबाजीच्या फ्रेममध्ये नजरेच्या रेषेला काटकोनात बसवायची.

शिकारीच्या सामानाबद्दल: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीला जागा नाही, आणि एअरगनने पाखरू मारणं हाही गुन्हाच. कोल्हापूर संस्थानाच्या शिकारीच्या रानात आज राधानगरीचं अभयारण्य आहे. तिथल्या गव्यांसाठी ८×४२ ची, म्हणजे आठ पट दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, दुर्बीण घ्या. पहाटेच्या कमी उजेडात ५ मिलिमीटरहून मोठा प्रकाशझोत डोळ्यात येतो, १०×२५ च्या छोट्या दुर्बिणीत तो निम्माच.

शेवटची खरेदी पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात हवा इतकी दमट असते की फोमच्या पेटीत बंद ठेवलेल्या रायफलला आठवड्यात गंज धरू शकतो, कारण फोम ओल धरून ठेवतो. रेंजवरून आल्यावर पेटी उघडी ठेवा, स्टीलचे भाग कोरड्या कापडाने पुसून तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, पण नळीत आणि हवेच्या जोडात तेल नाही. रायफल कोरड्या कपाटात, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह. निळे दाणे गुलाबी झाले की पुडीतून काढून मंद आचेवरच्या जुन्या तव्यावर परतून पुन्हा निळे करून घ्यायचे. जॅकेट घडी घालून बॅगेत ठेवू नका, रुंद खांद्याच्या हँगरवर पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही. चामडं उन्हात आकसतं आणि शिवण ओढली जाते. बुरशी आलीच तर कोरड्या ब्रशने घराबाहेर झटकून, स्पिरिटच्या ओलसर बोळ्याने पुसून पुन्हा वाळवा. छऱ्यांवर पांढरट भुकटी दिसली तर तो डबा स्पर्धेला नेऊ नका.